रोबो कापतो म्हणजे नेमकं कोण कापतं?

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या माझ्या मामाचं हिमोग्लोबिन ७.२ आलं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं दोष दिला तो त्याच्या जेवणाला. मामी गेल्यापासून तो नीट जेवत नाही, पेज आणि खाऱ्या बांगड्यावर दिवस काढतो, मग रक्त कुठून होणार? बीट आणलं, खजूर आणले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दिवसभर पाटाच्या पाण्यामागे फिरणारा माणूस चार पायऱ्या चढून सोप्यावर धापा टाकत बसायला लागला, तरी दोन महिने गोळ्यांतच गेले. शेवटी फोंड्यातल्या एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, "रक्त होत नाही, की होऊन कुठंतरी गळतंय?" कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची आतून तपासणी, झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. बायोप्सीत कॅन्सर. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ निघाली, एवढाच काय तो दिलासा.

उजव्या बाजूचा कॅन्सर असाच चोरपावलांनी येतो. तिथं आतडं रुंद असतं आणि आतला माल पातळ, त्यामुळे गाठ बरीच वाढली तरी वाट अडत नाही. रक्त थेंबाथेंबानं मिसळत जातं, डोळ्यांना दिसत नाही. डाव्या बाजूला आतडं अरुंद आणि मळ घट्ट. तिथली गाठ कधी बद्धकोष्ठ करते, कधी जुलाब, कधी लाल रक्त दाखवते, आणि आपण मूळव्याध समजून मलमं लावत बसतो. साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उघड कारणाशिवाय उतरलं तर आधी आतडं तपासावं, बीट मागाहून.

ऑपरेशन करायचं यावर दुमत नव्हतं. कसं करायचं यावर झालं. एका सर्जननी सांगितलं, दुर्बिणीतून करू. दुसऱ्या इस्पितळातल्या सर्जननी सांगितलं, रोबोटिक करू, आणि सोबत एस्टिमेटचा कागद दिला. रविवारी दोन्ही कागद समोर ठेवून सोप्यावर सभा भरली. पुण्याचा मावसभाऊ व्हिडिओ कॉलवरून म्हणाला, "पैशाकडे बघू नका, लेटेस्ट असेल ते करा." मामानं मात्र मुद्द्याचं विचारलं. "यंत्र कापणार, बरं. मग डॉक्टर काय करणार? चा पिणार?"

मी डॉक्टर नाही. रुग्णांसाठीची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं मराठीत आणणं हा माझा धंदा, त्यामुळे हे शब्द रोज हातातून जातात. त्या रविवारी आणि नंतरच्या आठवड्यात घरच्यांना जे समजावलं, तेच इथं जरा नीट मांडतो.

दुर्बीण आणि रोबो हे पोटात शिरायचे दोन रस्ते आहेत. आत पोचल्यावर करायचं काम एकच. मामाच्या बाबतीत त्या कामाचं नाव राइट हेमिकोलेक्टमी. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांबीचं, पोटाच्या कडेनं चौकटीसारखं फिरलेलं. त्यातला उजवीकडून वर जाणारा भाग, आडव्या भागाची सुरुवात आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक, एवढं काढायचं आणि उरलेली दोन तोंडं एकमेकांना जोडायची.

गाठीच्या दोन्ही बाजूंचं थोडं निरोगी आतडं धरून कापतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पंख्याचं ठाऊक नसतं. आतडं पोटात मोकळं लोंबत नाही. चरबीनं भरलेल्या एका पडद्यानं ते मागच्या भिंतीला बांधलेलं असतं, आणि हा पडदा जपानी पंख्यासारखा पसरत आतड्यापर्यंत येतो. त्यातून रक्तवाहिन्या येतात आणि त्यांच्या कडेकडेनं लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, बसलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशी गाठीतून बाहेर पडल्या तर त्यांचा पहिला मुक्काम बहुधा इथं. म्हणून सर्जन आतड्याबरोबर हा पंखा रक्तवाहिनीच्या मुळाजवळून अखंड काढतो. पॅथॉलॉजिस्ट मग त्यातल्या ग्रंथी शोधून मोजतो. निदान १२ तरी तपासल्या जाव्यात, असा दंडक आहे. पाच-सहाच तपासल्या आणि "कुठं कॅन्सर नाही" असं लिहून आलं, तर त्या "नाही"वर विसंबायचं किती, हा प्रश्न उरतो.

पोटाला मोठी चीर देऊन करा, दुर्बिणीतून करा नाहीतर रोबोनं करा, बाहेर हाच तुकडा यायला हवा. दोन रस्त्यांची तुलना करताना मी प्रत्येक वेळी इथं परत येतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाला पाच ते बारा मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडतात आणि आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं फुगवतात. हाच वायू अशासाठी की तो पेटत नाही (आत विजेच्या हत्यारानं रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या असतात) आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. थोडासा मागे राहतो, श्वासपटलाखाली साचतो, आणि मग दोन दिवस रुग्णाचा खांदा दुखतो. श्वासपटलाची नस मानेतून येते, खांद्याच्या नसाही जवळपास तिथूनच, म्हणून मेंदूची फसगत होते. पोट कापलं आणि खांदा कसा दुखतो म्हणून घरचे घाबरतात, तर हे आधीच सांगितलेलं बरं. शेवटी एक छिद्र चार-सहा सेंटिमीटर वाढवून कापलेला तुकडा बाहेर काढतात. रोबोतही हे करावंच लागतं. "रोबोत टाका पडत नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हे काम अवघड का, ते मामाच्या मोलकरणीला समजावताना मला तिसऱ्या (खायचे शिंपले) आठवल्या. तिसऱ्या एकशिपी करायला बसा, पण विळी एका बंद डब्यात. डब्याच्या झाकणाला चार भोकं, त्यांतून हातभर लांबीचे दोन चिमटे आत सोडायचे, आणि आत काय चाललंय ते मोबाइलच्या पडद्यावर बघायचं. भोक हाच टेकू होतो, त्यामुळे मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जातं. चिमट्याला मनगट नाही, तो पुढे-मागे जातो, कलतो, स्वतःभोवती फिरतो, बस्स. आणि कॅमेरा धरलाय दुसऱ्यानं. तो दमला की चित्र हलतं. तरीही शंभर-दोनशे ऑपरेशनं केलेला सर्जन हे सगळं इतक्या सहजतेनं करतो की बघणाऱ्याला त्यात काही अवघड होतं हेच कळत नाही.

रोबोत तीच भोकं, तोच वायू. फरक असा की चिमट्यांच्या टोकांना मनगट मिळतं, माणसाच्या मनगटाहूनही जास्त वळणारं. चारही हत्यारं, कॅमेऱ्यासकट, यंत्राच्या हातांत असतात. सर्जन चार पावलांवर एका खुर्चीत बसून दोन डोळ्यांच्या खिडकीत बघतो, जिथं चित्र खोलीसकट आणि दहापट मोठं दिसतं. त्याची बोटं दोन मुठींत अडकवलेली असतात. तो बोटं जशी हलवतो तशी आतली टोकं हलतात, हवं तर तिप्पट बारीक होऊन: हाताचे तीन सेंटिमीटर, आतला एक. हाताची थरथर मध्येच गाळली जाते. खिडकीतून डोकं बाजूला काढलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. ते स्वतःहून काही ठरवत नाही, कापत नाही, शिवत नाही. म्हणून मला "रोबो" हा शब्दच फसवा वाटतो. कळसूत्री म्हटलं असतं तर निम्म्या लोकांची भीती आणि उरलेल्या निम्म्यांची भुलावण दोन्ही टळली असती. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननं फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका बाईचं पित्ताशय अशा यंत्रानं काढलं होतं, अटलांटिक महासागराच्या पलीकडून. तेव्हासुद्धा कापणारी बोटं माणसाचीच होती. मामाला एवढंच सांगितलं: डॉक्टर बसून कापतात, चा प्यायला सवड नसते.

यंत्रानं काही काढूनही घेतलं आहे. लांब दांड्यातून का होईना, दुर्बिणीच्या सर्जनच्या हाताला मऊ-कडक कळतं, ताण कळतो. बहुतेक रोबोंत हा स्पर्श पोचत नाही. आतडं किती ताणलं गेलं ते डोळ्यांनी ओळखायला शिकावं लागतं. २०२४ मध्ये आलेल्या दा विंची या अमेरिकी रोबोच्या नव्या यंत्रात ही जाणीव थोडी परत आणली आहे. शिवाय यंत्र रुग्णाला जोडायला वेळ जातो. आणि आतड्याचं काम एका कोपऱ्यात संपत नाही: खाली सुरू होतं, वर यकृताखाली जातं, मग मध्ये येतं. दुर्बिणीवाला नुसता वळतो. रोबोचे हात एका दिशेला रोखून बसवलेले, खूप सरकायचं झालं तर मांडणी बदलावी लागते. नव्या यंत्रांत हा जाच कमी झालाय, संपलेला नाही.

आता पुराव्याकडे. इथं थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण दुर्बीणही एके काळी आजच्या रोबोसारखीच संशयित होती.

भारतात दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी काढलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतल्या ऑपरेशनची पहिली नोंद आली. आणि मग भीती पसरली. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी लिहिलं की त्यांच्या १४ रुग्णांपैकी तिघांच्या छिद्रांच्या जागीच कॅन्सर पुन्हा उगवला. वायूच्या दाबानं पेशी उडतात का? हत्यारांना चिकटून येतात का? बरेच सर्जन मागे हटले. उत्तर मिळायला दहा वर्षं लागली. २००४ साली अमेरिका-कॅनडातल्या ४८ संस्थांमधल्या ८७२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, ज्यात कुणाची चीर आणि कुणाची दुर्बीण हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. तीन वर्षांत कॅन्सर परतला तो दुर्बिणीवाल्यांपैकी १६ टक्क्यांत आणि चीरवाल्यांपैकी १८ टक्क्यांत, म्हणजे फरक नगण्य. छिद्रांची भीती फोल निघाली. दोष बहुतांशी नवख्या हातांचा होता. दुर्बिणीवाले एक दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकं कमी लागली.

या चाचणीतलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते आकड्यांबाहेरचं आहे. भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जननं आधी अशी निदान २० ऑपरेशनं केलेली असली पाहिजेत आणि व्हिडिओ दाखवून परीक्षा दिली पाहिजे, अशी अट होती. यंत्राची परीक्षा घेण्याआधी त्यांनी हातांची घेतली.

रोबो आणि दुर्बीण यांची अशी समोरासमोर तुलना, तीही नेमक्या मामाच्या ऑपरेशनची, कोरियात झाली आणि २०१२ मध्ये छापून आली. रुग्ण फक्त ७०, निम्मे इकडे निम्मे तिकडे. इस्पितळातले दिवस सारखे, गुंतागुंत सारखी, काढलेल्या ग्रंथी सारख्या. ऑपरेशनला दुर्बिणीत सरासरी १३० मिनिटं लागली, रोबोत १९५. खर्च रोबोचा जास्त. ७० माणसांवरून वेद लिहिता येत नाही, पण दिशा दिसते. नंतरच्या हजारो रुग्णांच्या नोंदींत एक गोष्ट रोबोच्या बाजूनं वारंवार दिसते: अर्ध्यावरून मोठी चीर द्यायची वेळ कमी येते. मात्र अशा नोंदींत रोबो कुणाला मिळाला हे नशिबानं ठरलेलं नसतं. मोठं शहर, मोठं इस्पितळ, मुरलेला सर्जन, पैसेवाला रुग्ण, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं.

मग रोबोचा एवढा बोलबाला कशावर? त्यातला बराचसा गुदाशयावर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या वीतभर भागावर. लोक दोन्हीला "आतड्याचा कॅन्सर" म्हणतात आणि इथंच गफलत होते. गुदाशय कमरेच्या हाडांच्या कढईत खोल बसलेला, पुरुषांत तर ती कढई अरुंद. पुढे मूत्राशय, बाजूंना लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या केसासारख्या नसा. जुन्या विहिरीच्या तळाशी पडलेली घागर वरून गळ टाकून काढण्यासारखं काम. तिथं वळणारं मनगट आणि स्थिर कॅमेरा यांना खरा अर्थ आहे. तरीही २०१७ मध्ये छापलेल्या दहा देशांतल्या ४७१ रुग्णांच्या चाचणीत चीर द्यावी लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के आणि रोबोत ८.१ टक्के निघालं, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो असं गणित सांगत होतं. खर्च मात्र रुग्णामागे सुमारे ९८० पौंडांनी जास्त, तोही यंत्राची किंमत आणि देखभाल न धरता. पुढे चीनमधल्या ११ इस्पितळांतली मोठी चाचणी आली, हजाराहून अधिक रुग्णांची. २०२५ मध्ये तिचे तीन वर्षांचे निकाल आले: गुदाशयाच्या जागी किंवा आसपास कॅन्सर परतण्याचं प्रमाण रोबोत १.६ टक्के, दुर्बिणीत ४ टक्के. गुदाशयाच्या रुग्णासाठी हे वजनदार आहे. मामाची गाठ तिथून कितीतरी लांब, यकृताच्या खाली होती. तो निकाल उचलून तिच्यावर डकवता येत नाही, आणि रोबोवाल्या इस्पितळाच्या चकचकीत पत्रकात नेमकं तेच केलेलं होतं.

उजव्या बाजूच्या ऑपरेशनमध्ये रोबोची एक जमेची बाजू मी मानतो. दोन तोंडं जोडायचं काम पुष्कळ सर्जन पोटाबाहेर करतात: नाभीजवळ चीर देऊन आतडं ओढून बाहेर आणायचं, जोडायचं, परत आत ढकलायचं. जोड आतच केला तर आतडं ओढावं लागत नाही, ते लवकर कामाला लागतं, आणि तुकडा काढायची चीर सिझेरियनसारखी ओटीपोटात खाली देता येते, जिथं पुढे हर्निया होण्याची शक्यता कमी. आत टाके घालणं सरळ दांड्यानं कठीण, मनगटवाल्या टोकानं सोपं. पण हा फायदा आतल्या जोडाचा आहे, आणि मुरलेले दुर्बिणीवालेही तो आतच करतात. म्हणून सर्जनला विचारायचं ते हे: जोड आत करणार की बाहेर?

पैशाचं बोलायला आपल्याकडे लोक लाजतात, विशेषतः रुग्णासमोर. मामा लाजला नाही. रोबोची किंमत कोटींत असते, आणि त्याच्या हत्यारांत मोजणी असते: ठरावीक वेळा वापरलं की यंत्र ते हत्यार घेतच नाही, धार शाबूत असली तरी. तो खर्च बिलात उतरतो. गुरुग्रामच्या एसएस इनोव्हेशन्सचा मंत्रा हा देशी रोबो आता बाजारात आहे, त्यामुळे पुढे भाव उतरतील अशी आशा धरायला जागा आहे. आज तरी कागदावर फरक दिसतोच. आरोग्यविमा असेल तर बघा: विमा नियामकाच्या नियमांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही, पण कंपनी तिच्यासाठी वेगळी कमाल मर्यादा ठेवू शकते. पाच लाखांच्या पॉलिसीत रोबोसाठी फक्त अमुक एवढेच, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. गोवेकरांकडे २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख. पण ती ठरलेल्या यादीप्रमाणे पैसे देते. तुमचं ऑपरेशन कुठल्या नावानं त्या यादीत बसतं आणि वरचा फरक कुणी भरायचा, हे दाखल होण्याआधी लेखी घ्या. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आहेच. खासगीकडे जायच्या आधी तिथल्या कॅन्सर सर्जनचं मत घेणं हे कमीपणाचं समजणारे लोक मला कधीच कळले नाहीत.

आम्ही दोन्ही सर्जनना तेच प्रश्न विचारले. हे ऑपरेशन, याच पद्धतीनं, तुम्ही स्वतः किती केलीत? अर्ध्यावरून चीर किती जणांना द्यावी लागली? जोड किती जणांचा गळला? (जोड गळणं ही या ऑपरेशनमधली खरी भीती, आतड्यातली घाण पोटात पसरते आणि पुन्हा टेबलावर न्यावं लागू शकतं. कुठल्याही यंत्रानं ती शून्यावर आलेली नाही.) तुमच्या रिपोर्टांत साधारण किती ग्रंथी येतात? एकांनी कपाळाला आठी घातली आणि यंत्राबद्दल बोलत राहिले. दुसऱ्यांनी वही काढली. चीर देण्याबद्दल ते म्हणाले, "आत चिकटलेलं दिसलं किंवा रक्त आवरेना, तर मी चीर देईन आणि त्याची मला लाज वाटणार नाही." वही काढणारे योगायोगानं दुर्बिणीवाले होते. वही रोबोवाल्यांनी काढली असती आणि मामाला तो खर्च झेपणारा असता, तर मी तिकडे चला म्हटलं असतं.

ऑपरेशन पावणेतीन तास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाला खुर्चीत बसवलं, संध्याकाळी व्हरांड्यात चालवलं. हल्ली पेजेचं पाणीही लगेच देतात, पूर्वीसारखं "वारा सरेपर्यंत" उपाशी ठेवत नाहीत. खांदा दुखलाच. पाचव्या दिवशी तो घरी आला.

रिपोर्टला दहा दिवस लागले. तपासलेल्या ग्रंथी २३, त्यांपैकी दोनमध्ये कॅन्सर. म्हणजे कॅन्सरची तिसरी पायरी (स्टेज), आणि केमो. ती ऑपरेशननंतर शक्यतो दोन महिन्यांच्या आत सुरू व्हावी लागते, आणि लहान छिद्रांचा खरा उपयोग मला तिथं दिसला: सहाव्या आठवड्यात माणूस पहिल्या सलाइनसाठी स्वतःच्या पायांनी गाडीत बसला.

त्या औषधांत ऑक्झालिप्लाटिन असतं. त्यानं थंड वस्तूला हात लागला की बोटांत विजेसारखी सळक जाते, गार पाणी गिळतानाही घसा आवळतो. फ्रिज बंद, आणि कुळागरातल्या पाटाच्या पाण्यात हात घालायलाही बंदी. तेव्हा सध्या पाणी सोडायला मी उतरतो, आणि कुठला बांध आधी फोडायचा ते मामा सोप्यावरून ओरडून सांगतो.